वाचकांचे प्रश्न : खापरांतून व्यापार वाचताना

ग्रीक-रोमन पुरातत्त्व आणि प्राचीन भूमध्य सागरी व्यापार या विषयांत संशोधन करू पाहणाऱ्या वाचकांचे सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत. ‘अँफोरा’ हा शब्द पुढे वारंवार येईल. दोन कानांचा, अरुंद गळ्याचा, बहुधा तळाशी निमुळता होणारा मातीचा रांजण म्हणजे अँफोरा. दारू, तेल आणि माशांचे खारवलेले सार बहुधा यांतूनच जहाजावर चढत असे.

प्रश्न : मी इतिहासात बी.ए. केले आहे. लॅटिन, ग्रीक येत नाही. रोमन व्यापारावर पीएच.डी. करायची तर उशीर झाला का? आधी कोणती भाषा घेऊ?

उशीर झालेला नाही. मात्र भाषांना पळवाट नाही. या विषयात भाषांचे दोन गट आहेत आणि विद्यार्थी बहुधा पहिल्याचीच धास्ती घेतात. पहिला गट लॅटिन आणि प्राचीन ग्रीक. दुसरा गट ज्या भाषांत उत्खननांचे अहवाल लिहिले गेले त्यांचा : जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश. खापरांवर काम करणाऱ्याचा दिवस बराचसा या दुसऱ्या गटात जातो. दक्षिण स्पेनच्या तेलाच्या रांजणांच्या भट्ट्यांवरचे लेखन प्रामुख्याने स्पॅनिशमध्ये आहे आणि दक्षिण फ्रान्सच्या बुडालेल्या जहाजांवरचे फ्रेंचमध्ये. भाषांतराची वाट पाहणारा तिथे कायम मागे राहतो.

क्रम साहित्यावरून ठरवा. रोमन पश्चिमेकडचा व्यापार घेणार असाल तर लॅटिन आधी. ऱ्होड्स, कोस, निडोस अशा बेटा-बंदरांचा हेलेनिस्टिक काळातला, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या सुमारे तीन शतकांतला, व्यापार घेणार असाल तर ग्रीक आधी. ऱ्होड्सच्या अँफोरांवर दोन्ही कानांवर ठसे असत. एकावर ‘एपि’ या शब्दानंतर हेलिओस या सूर्यदेवाच्या त्या वर्षीच्या पुरोहिताचे नाव षष्ठीत, बऱ्याचदा सोबत महिना, आणि दुसऱ्यावर कारखानदाराचे नाव. हे वाचायला होमर लागत नाही. पण विभक्ती पक्क्या हव्यात आणि ग्रीकच्या डोरिक बोलीची रूपे ओळखता यायला हवीत, नाहीतर पुसट ठशातली तीन अक्षरे जुळवता येत नाहीत. संस्कृत व्याकरण झालेले असेल तर विभक्तींची कल्पना नवी वाटणार नाही. अडतात ती क्रियापदे.

अमेरिकी विद्यापीठांत अभिजात पुरातत्त्वाच्या पीएच.डी.ला प्रवेश घेताना दोन्ही प्राचीन भाषा काही वर्षे झालेल्या असाव्यात अशी सहसा अपेक्षा असते. पुढे जर्मन आणि बहुधा फ्रेंच किंवा इटालियनची वाचन-परीक्षा द्यावी लागते. तिथे अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रबंध मिळून पाच ते सात वर्षे जातात. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांत थेट प्रबंधच असतो, त्यामुळे भाषेची तयारी एम.ए.तच उरकावी लागते. प्रवेशापुरत्या प्राचीन भाषा झाल्या असून बाकीची भाषांची तयारी कच्ची असेल तर अमेरिकी रचना सोयीची, कारण ती शिकायला वेळ देते. भाषा तयार असून विषय ठरलेला असेल तर ब्रिटिश रचना वेळ वाचवते.

प्रश्न : ‘रोमन भूमध्य सागरातील व्यापार’ या विषयावर प्रस्ताव लिहिला. मार्गदर्शकांनी तो फार मोठा आहे म्हणून परत केला. लहान कसा करायचा?

मार्गदर्शक बरोबर आहेत. पण विषयाचे वर्ष किंवा प्रदेश कापून तो लहान होत नाही. आधी साहित्य शोधा, म्हणजे एखाद्या बंदराच्या, वखारीच्या किंवा उकिरड्याच्या उत्खननातली ठराविक थरांतली, अजून प्रकाशित न झालेली खापरे. मग ती तुम्हाला अभ्यासायला मिळतील का ते विचारा. त्यानंतर प्रश्न ठरवा. उलट क्रमाने गेलेला प्रस्ताव कागदावर छान दिसतो आणि दुसऱ्या वर्षी कोसळतो, कारण खापरांच्या ज्या पेट्यांवर तो उभा होता त्या दुसऱ्याच कोणाच्या नावावर असतात.

हा मुद्दा नवख्यांना सर्वांत उशिरा कळतो. उत्खननातल्या वस्तू संग्रहालयाच्या कोठारात असल्या तरी त्या अभ्यासण्याचा आणि छापण्याचा हक्क आधी उत्खनन करणाऱ्याचा असतो. ग्रीसमध्ये अप्रकाशित साहित्यासाठी उत्खननप्रमुखाची लेखी संमती आणि त्या भागाच्या इफोरेटचा, म्हणजे प्रादेशिक पुरातत्त्व कार्यालयाचा, परवाना लागतो. परदेशी अभ्यासकाचा अर्ज सहसा अथेन्समधल्या त्याच्या देशाच्या किंवा त्याला सदस्य करून घेणाऱ्या संस्थेमार्फत जातो. फ्रेंच संस्था १८४६ची, अमेरिकी १८८१ची, ब्रिटिश १८८६ची. इटलीत हेच काम सोप्रिन्तेन्देन्झाकडे, म्हणजे प्रादेशिक वारसा कार्यालयाकडे, असते, तुर्कस्तानात संस्कृती मंत्रालयाकडे.

अर्ज करताना तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा : पाहण्याचा व चित्रे काढण्याचा परवाना, नमुना कापून घेण्याचा परवाना, आणि छापण्याचा हक्क. पहिला मिळाला म्हणजे बाकीचे दोन मिळाले असे होत नाही. नमुना देशाबाहेर न्यायचा असेल तर तो चौथा अर्ज, आणि सर्वांत वेळखाऊ. म्हणून अथेन्समध्येच विश्लेषण होत असेल तर तेच करावे. ब्रिटिश संस्थेची फिच प्रयोगशाळा १९७४पासून मृत्तिकापात्रांच्या खनिज-विश्लेषणाचे काम करते. अर्जात ‘काही नमुने’ असे लिहू नका. किती तुकडे, कोणत्या नोंद-क्रमांकाचे, प्रत्येकातून किती मिलिमीटरचा काप, कापल्यावर उरलेला भाग कुठे जाईल, हे लिहा. मोघम अर्ज परत येतो आणि एक हंगाम वाया जातो.

प्रश्न कसा असावा? ‘व्यापार वाढला का’ हा प्रश्न नको. ‘या वखारीच्या अमुक दोन थरांच्या दरम्यान इटालियन दारूची जागा स्पॅनिश आणि गॉलच्या (आजच्या फ्रान्सकडच्या) दारूने घेतली का, आणि तेलाच्या रांजणांच्या बाबतीत तसेच झाले का’ असा हवा. उत्तर ‘नाही’ आले तरी प्रबंध उभा राहतो.

प्रश्न : एकाच थरातल्या अँफोरांची मी दोन पद्धतींनी मोजणी केली आणि उत्तरे पूर्ण वेगळी आली. कोणती खरी?

दोन्ही खरी असू शकतात. त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. या विषयातले निम्मे वाद इथूनच निघतात, म्हणून थोडे सविस्तर.

एक काल्पनिक थर घ्या. त्यात ड्रेसेल २० जातीचे १८० तुकडे, वजन ९० किलो. ड्रेसेल २-४ जातीचे ३०० तुकडे, वजन ४५ किलो. ही नावे हाइनरिख ड्रेसेल यांनी १८९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४५ आकारांच्या तक्त्यावरून आली आहेत. ड्रेसेल २० म्हणजे दक्षिण स्पेनचा गोल पोटाचा, जाड भिंतीचा तेलाचा रांजण. रिकामा सुमारे ३० किलोचा, आत सुमारे ७० किलो तेल. ड्रेसेल २-४ म्हणजे दुहेरी दांडीचे कान असलेला, पातळ भिंतीचा दारूचा रांजण. सोपे जावे म्हणून रिकामा १५ किलो आणि आत २८ लिटर धरू.

तुकडे मोजले तर दारू पुढे : ३०० विरुद्ध १८०. वजन केले तर तेल दुप्पट. वजनाला एका रांजणाच्या वजनाने भागले तर दोन्हींचे तीन-तीन रांजण, बरोबरी. आतल्या मालाकडे पाहिले तर २१० किलो तेल आणि ८४ लिटर दारू. एकाच ढिगातून चार निष्कर्ष निघाले, आणि त्यांतला कोणताही एकटा छापला तर वाचक फसेल.

तुकड्यांची संख्या मुख्यतः भांडे कसे फुटते ते सांगते. पातळ भिंतीचे भांडे जास्त तुकड्यांत फुटते, पायाखाली आले की आणखी फुटते. वजन जाड भिंतीच्या बाजूने झुकते. म्हणून रांजणांच्या प्रमाणाविषयी बोलायचे असेल तर काठाची टक्केवारी घ्या. समकेंद्री वर्तुळांचा तक्ता असतो. काठाचा तुकडा पालथा ठेवून त्याच्या आणि तक्त्याच्या मधून उजेड दिसणार नाही अशा कलाने बसवायचा, वर्तुळ जुळवायचे आणि तो पूर्ण काठाचा किती टक्के भाग आहे ते वाचायचे. १५, २०, ३५ आणि १० टक्के असे चार काठ मिळाले तर बेरीज ८० टक्के, म्हणजे ०.८ भांडे. यालाच अंदाजित भांडी-तुल्य म्हणतात. ५ टक्क्यांहून लहान तुकड्याचा व्यास भरवशाचा नसतो. त्याची टक्केवारी बेरजेत घेऊ नका, वेगळी नोंद ठेवा. अँफोराचे तोंड अरुंद आणि काठ दणकट असतो. त्यामुळे लहान थरात दोनच अखंड काठ सापडतात आणि उत्तर एकदम २.० होते. अशा वेळी बुडे आणि कान मोजून पडताळा घ्यावा लागतो. कानांची संख्या दोनने भागायची, तुटलेल्या कानाचे वरचे आणि खालचे टोक वेगळे नोंदवायचे, नाहीतर एकच कान दोनदा मोजला जातो. ऱ्होड्सच्या ठशांत हीच चूक मोठी होते : दोन कान, दोन ठसे, रांजण एक.

मोजणी बिघडण्याची बाकीची कारणे बहुतेक मेजावर येण्याआधीची असतात. जागेवरच पोटाचे साधे तुकडे फेकून दिले गेले असतील तर वजनाची पद्धत बाद, आणि हे जुन्या उत्खननांत सर्रास झालेले आहे. एका चरात चाळणी वापरली आणि दुसऱ्यात नाही, तर त्यांची तुलना होत नाही. धुतलेले तुकडे ओले असताना तोलले तर सच्छिद्र मातीचे वजन फुगते. समुद्रातल्या तुकड्यांवरचे चुन्याचे थर न काढता तोलले तर आणखी फुगते. त्यातच जुन्या थरांतले तुकडे उकरले जाऊन नव्या थरात मिसळतात. पहिल्या शतकातले रांजण तिसऱ्या शतकाच्या थरात ५ टक्के दिसले, तर तो व्यापार मानायचा की उकरलेली माती, हे त्याच थरातली, काळ सांगणारी नाणी आणि जेवणाची नाजूक भांडी पाहून ठरवावे.

शिवाय आकार म्हणजे ठिकाण नव्हे. ड्रेसेल २-४ कोसच्या नमुन्यावरून इटली, कॅटलोनिया, गॉल, इजिप्त अशा अनेक ठिकाणी घडवला गेला. कुठला आहे ते माती सांगते. पकडीने कोपरा तोडून ताजा भंग दहापट भिंगाखाली पाहा. इटलीतल्या व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या मातीत काळ्या चमकदार ज्वालामुखी वाळूचे कण भरलेले असतात. ही ओळख एकदा डोळ्यात बसली की विसरत नाही. शंका असेल तिथे ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप करून ध्रुवित प्रकाशाखाली पाहणे हाच उपाय.

प्रबंधात चारही स्तंभ छापा : तुकडे, वजन, काठाची टक्केवारी, कान-बुडांची संख्या. मग कोणत्या निष्कर्षासाठी कोणता स्तंभ वापरला ते सांगा. पुढच्या अभ्यासकाला तुमचा निष्कर्ष पटला नाही तरी तुमचा तक्ता त्याच्या उपयोगी पडेल.

प्रश्न : रांजणाच्या तुकड्याला आतून काळा थर आहे. म्हणजे तो दारूचा रोमन अँफोरा समजायचा का?

थांबा. दारूच्या आणि माशांच्या साराच्या अँफोरांना आतून झाडाच्या राळेपासून केलेल्या डांबराचा लेप देत, कारण भाजलेली माती सच्छिद्र असते आणि झिरपते. तेलाच्या रांजणांना तो सहसा नसे. पण काळा लेप एवढ्यावरून रोमन ठरत नाही. मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताकडचे टॉर्पेडो रांजण आतून खनिज बिट्यूमेनने, म्हणजे जमिनीतून मिळणाऱ्या डांबराने, लेपलेले असतात. त्यांना गळा नसतो, कान नसतात. पण हातात पोटाचा तुकडाच असेल तर फरक कशावरून करणार? हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरचे असे कितीतरी तुकडे वर्षानुवर्षे रोमन अँफोरा म्हणून नोंदले गेले. खापरांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी ते पुन्हा तपासले तेव्हा त्यांतले बरेच टॉर्पेडो रांजण निघाले. रोमन व्यापाराच्या नकाशावरचे काही ठिपके त्यामुळे उतरले. नावे देण्याआधी माती पाहा, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

राळ की बिट्यूमेन हे वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटाच्या चाचणीत स्पष्ट होते. त्यासाठीचा तुकडा धुऊ नका, उघड्या हाताने आतली बाजू हाताळू नका, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. प्लास्टिकमधली रसायने नमुन्यात उतरतात. अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि त्याच थरातली चमचाभर माती तुलनेसाठी वेगळी द्या. टार्टारिक आम्ल सापडले तर द्राक्षांचा संशय बळावतो, पण ते इतर काही फळांतही असते. त्यातून दारू होती, शिर्का होता की नुसता रस, हे कळत नाही. शिवाय रांजण पुन्हा वापरले जात.

प्रश्न : जहाजांच्या अवशेषांवर काम करण्यासाठी डायव्हिंग यायलाच हवे का?

नाही. पाण्याखालून वर आलेल्या वस्तूंचे काम पाण्याखालच्या कामापेक्षा कितीतरी लांब चालते. तुर्कस्तानच्या काश गावाजवळचे उलुबुरून जहाज घ्या. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरचे. पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास आणि जेमाल पुलाक यांनी १९८४ ते १९९४ या काळात ते उत्खनित केले. खोली ४४ मीटरपासून ६० मीटरच्या पुढे, म्हणून एका वेळी २० मिनिटे, दिवसातून दोनदाच उतरायचे. वर आले सुमारे १० टन तांबे, एक टन कथील, निळ्या काचेच्या लाद्या आणि राळेने भरलेले कनानी (सीरिया-पॅलेस्टाईन किनाऱ्याकडचे) रांजण. त्यांची मीठ काढण्याची आणि जतनाची कामे उत्खनन संपल्यावर वर्षानुवर्षे चालली. त्या कामात डायव्हिंग न येणाऱ्यांनाही जागा असते.

उतरायचेच असेल तर करमणुकीचा परवाना पुरत नाही. त्या देशात मान्य असलेले वैज्ञानिक डायव्हरचे प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला आणि विमा लागतो. ही तयारी एम.ए. आणि पीएच.डी.च्या मधल्या काळात करणे बरे.

जहाजांच्या आकड्यांवर लिहिताना मात्र जपा. मार्सेलजवळच्या ग्राँ काँग्लुए येथे सागर-संशोधक कुस्तो आणि पुरातत्त्वज्ञ फेर्नाँ बेन्वा यांनी १९५२मध्ये काम सुरू केले. सगळा माल एकाच जहाजाचा धरला गेला आणि तारखा जुळेनात. पुढे दिसून आले की तिथे एकावर एक दोन जहाजे बुडालेली होती, त्यांच्यात सुमारे शंभर वर्षांचे अंतर. थरांच्या नोंदी नीट नसतील तर समुद्रतळही असा गोंधळात पाडतो. दुसरी गोष्ट : अँफोरांचा ढीग तळावर टिकतो आणि डोळ्यांना दिसतो. गोणीतले धान्य, कापड, लाकडी पिंपे दिसत नाहीत. त्यामुळे पिंपांचा वापर वाढल्यानंतरच्या शतकांत सापडलेली जहाजे कमी झाली, यावरून जहाजेच कमी झाली असे लिहिता येत नाही.

प्रश्न : पीएच.डी.नंतर काय? कायम नोकरी मिळण्याची शक्यता किती? आणि हाती धरायच्या क्ष-किरण यंत्राने काम शिकून घेतले तर फायदा होईल का?

कायम जागा थोड्या आहेत आणि एका जागेसाठी अर्ज खूप येतात, हे आधीच स्वीकारून निघावे. बहुतेकांची वाट एक-दोन वर्षांच्या अनेक नेमणुकांमधून जाते. युरोपातल्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी फेलोशिपला कोणत्याही देशाचा नागरिक अर्ज करू शकतो. मुदत १२ ते २४ महिने. आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे ही अट अनेकांना नडते. म्हणून प्रबंधाचे शेवटचे वर्ष कोणत्या देशात काढायचे हे विचारपूर्वक ठरवा. अर्ज केला त्या वर्षीचे नियम मात्र मूळ पत्रकातच वाचा. अथेन्स आणि रोममधल्या परदेशी संस्थांच्या फेलोशिप लहान असतात, पण कोठारे आणि माणसे यांच्याशी ओळख तिथेच होते. पुढच्या साहित्याचा परवाना बऱ्याचदा त्या ओळखीतून येतो.

निवड समितीला दोन गोष्टी हव्या असतात. एक, प्रबंधाबाहेरचे छापलेले काम, शक्यतो एखाद्या उत्खनन-अहवालातले खापरांचे प्रकरण. दुसरी, शिकवण्याचा आवाका. अँफोरांवर कोणी वर्षभर शिकवायला सांगत नाही. ग्रीक शिल्प, रोमन शहरे, प्राथमिक लॅटिन असे तीन अभ्यासक्रम आठवड्यांच्या आराखड्यासह तयार ठेवा. ज्यांना विद्यापीठात जागा मिळत नाही त्यांना युरोपात बांधकामाआधीच्या बचाव-उत्खननांत, संग्रहालयांत आणि प्रकाशनाच्या कामांत जागा असतात. तिथे खापरे चटकन ओळखणारा माणूस कायम हवा असतो.

क्ष-किरण यंत्र शिका, पण त्यावर विसंबू नका. मातीत कोणती मूलद्रव्ये किती आहेत हे ते सांगते, पण काही मिलिमीटरचाच पृष्ठभाग वाचते. अँफोराच्या मातीतले खडे त्याहून मोठे असू शकतात, म्हणून ताज्या भंगावर वेगवेगळ्या जागी किमान तीन ते पाच वाचने घ्या आणि दर काही तासांनी प्रमाणित नमुना तपासा. सोडियम ते वाचत नाही, मॅग्नेशियम नीट वाचत नाही. समुद्रातून आलेल्या तुकड्यांत मिठामुळे आणि चुन्यामुळे आकडे बदललेले असतात. ते जमिनीवरच्या तुकड्यांशी थेट ताडू नयेत. यंत्राने आधी गट पाडा, मग प्रत्येक गटातले दोन-तीन तुकडे पातळ कापासाठी निवडा. नमुन्यांच्या परवान्यात मागण्याजोगा आकडाही तेव्हाच ठरतो.